गलबत बावीस मिनिटांनी येतं

केमीच्या बंदरात डिसेंबर लागला की समुद्र गोठतो.
कागद गिरणीतली रात्रपाळी संपवून मी घरी यायचो,
बूट शेगडीपाशी ठेवायचो, आणि टोपी न काढताच
मोडेमची किरकिर ऐकत बसायचो.
त्या दुसऱ्या समुद्रावर कधीच बर्फ नसे.
तिथं गलबत दर बावीस मिनिटांनी येई
आणि ते नुकतंच गेलेलं असे. नेहमीच.

धक्क्यावर आम्ही ताटकळत:
एक बुटका, दोन जादूगार, अर्धवट रंगवलेला एक सरडा-माणूस,
आणि लाकडी ढालीमागे मी,
ज्याची हनुवटी दाढीतून आरपार बाहेर यायची.
करायला काही नाही, म्हणून बोलायचो.
स्वान्सीची ग्लेनिस, खरी रात्रपाळीची नर्स, आमची वैद्यीण.
शक्ती संपली की तिला खाली बसून
मंत्रांच्या पोथीकडे बघत राहावं लागे.
पोथीनं अख्खा पडदा झाकला जाई,
मागून लांडगा आला तरी तिला दिसत नसे.
‘कुणी आलं तर सांग,’ ती लिहायची,
आणि मी सांगायचो.
म्हटलं तर एवढंच आमचं नातं.

खोटं कशाला बोलू, खेळ भिकार होता.
मेलात तर उघड्यानं, हाती काडीसुद्धा नसताना
आपल्याच मढ्यापाशी चालत जायचं,
त्याच्या अंगावरचं चिलखत उतरवून घ्यायचं,
वाटेत पुन्हा मरायचं. आता मढी दोन.
एका अंगठीपायी विनिपेगचा ड्वेन
अकरा तास एका दगडाशी उभा राहिला.
राक्षस आला तेव्हा तो कॉफी गाळायला उठला होता.
अंगठी भलत्यानंच नेली, आणि तेवढ्यावरून
चाळीस जणांची टोळी फुटली ती फुटलीच.
त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्याचा पहिला दात पडला.
मला तो मार्चमध्ये दाखवण्यात आला, काडेपेटीत.
फोनचं बिल बघून सायमी काहीच बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि गलबताला भोक होतं.
सुकाणूच्या डावीकडं, तिसऱ्या फळीवर पाय पडला
की माणूस थेट समुद्रात, समुद्राच्या तळातून पार,
आणि त्याही खाली, जिथं कुणी काही काढलंच नव्हतं:
नुसता करडा रंग, आणि पडत राहणं.
ग्लेनिस एकदा चाळीस मिनिटं पडत होती.
पडता पडता तिनं लिहिलं, आज वॉर्डात
एक म्हातारा गेला. हात माझ्या हातात होता.
मला कुणा दुसरीच्याच नावानं हाका मारत होता,
आणि मी ओ दिली.
मी काय लिहिणार?
लिहिलं, मी धक्क्यावरच आहे.
गलबत आलं, गेलं. पुन्हा आलं.

मग कंपनीनं सगळं सुधारलं.
नकाशावर बोट ठेवा, तिथं पोचा.
मढ्यावरचं सामान आपोआप परत. पोथी रद्द.
भोक बुजवलं.
गावं फुलून गेली, जो तो पळत सुटलेला,
आणि कुणाला कुणासाठी थांबावंच लागेना.
वर्षभरात आम्ही पांगलो. नीट निरोपही नाही.

आता तार्तूचा प्रीत नावाचा पोरगा,
खेळ त्याच्याहून वयानं मोठा,
सायकल दुरुस्तीच्या दुकानामागं एका जुन्या यंत्रावर
तो पहिला खेळ जसाच्या तसा चालवतो.
एकसष्ट माणसं. बहुतेकांना जवळचा चष्मा.
मागच्या महिन्यात त्यानं कौल घेतला: भोक बुजवू का?
साठ जण नको म्हणाले.
एकसष्टावा नवा होता. तो अजून पडला नव्हता.

गिरणी बंद झाली, पाळी संपली,
झोप मात्र अजून दिवसाच येते.
खिडकीतून दिसतो बंदरात उभा बर्फफोड्या,
त्याचा एकच दिवा.
परवा धक्क्यावर एक वैद्यीण बसली होती, पोथी उघडून.
नाव वेगळं होतं. मी विचारलं नाही.
मागून लांडगा येत होता.
मी सांगितलं.