वीस उरल्या होत्या

नव्वद सुया मी दिल्या वामन भारंबेला.
एक दिवस डावा कुल्ला, एक दिवस उजवा,
रविवार सोडून.
भुसावळचा क्षय दवाखाना, पारा पंचेचाळीस,
तो रात्रपाळी करून थेट यायचा,
सायकलच्या कॅरिअरला लांब दांड्याची हातोडी.

यार्डात त्याचं काम ऐकायचं.
उभ्या मालगाडीच्या प्रत्येक चाकाला एक ठोका.
सलग चाक टण्ण म्हणतं,
आवाजाला लांब शेपूट असते.
तडा गेलेलं बद्द,
केळीच्या खांबावर मारावं तसं.
"चाक खोटं बोलत नही," म्हणायचा.

सत्तराव्या सुईला म्हणाला,
"सिस्टर, या साली चिमन्या नही आल्या का वं?"
पत्र्यावर सात-आठ होत्या,
नुसता कलकलाट.
म्हटलं, ऊन फार आहे ना.
आणि बाटलीचं बूच पुसलं.

वीस उरल्या होत्या.
थांबवलं असतं तर ताप परत आला असता.
असता की नाही, कोण जाणे.
मी थांबवलं नाही.

पुढं नाशिकला, ट्रेनिंगमध्ये,
डॉक्टरांनी फळ्यावर गोगलगाय काढली.
तिच्या वळणात पेशी, पेशींवर कुसळं,
ओंबीवर असतात तशी, फार बारीक.
आवाजानं ती लवतात,
लवली की टोकाशी एक दार उघडतं.
औषध त्याच दारानं आत शिरतं.
आधी बारीक, उंच आवाजांची पेशी मरते,
मग आतली, मग त्याच्या आतली.
माणसात ती पुन्हा उगवत नाही.
पाखरांत उगवते, ते म्हणाले.
कुणी लिहून घेतलं नाही.
मी घेतलं.

एक्स-रे स्वच्छ निघाला. त्याचा पेढा मी खाल्ला.
महिन्याभरानं म्हणे एका पहाटे
त्यानं चाळीस डबे ठोकले, शेवटपर्यंत,
मग हातोडी फोरमनच्या टेबलावर ठेवली:
"साहेब, मले आज सगळी चाकं सारखीच वाटली."

परवा बाजारात दिसला.
तापीकाठचं टरबूज डाव्या तळहातावर,
वरून पेरानं ठोका,
डोळे मिटलेले.
हाताले समजते, म्हणाला, माझ्या ओठांकडे बघत.
अर्धा किलो वांगी घेतली, भरताची, आणि निघाला.

आल्या होत्या रे चिमण्या,
मी त्याच्या पाठीला सांगितलं.