तांदळाच्या डब्यातली लेन्स

श्रावणात दुकान उघडं असतं, एवढंच.
होड्या अजून झापांखाली आहेत,
नारळी पुनवेला आठ दिवस,
लग्नं नाहीत, जत्रा नाहीत,
शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो जूनमध्येच उरकले.
कपाटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतो,
कॅमेऱ्यांना ऊब म्हणून.
बायको म्हणते, पोरांना कधी एवढं जपलं नाहीत.

तरी बुरशी धरतेच.
पन्नासच्या लेन्सला, आतल्या काचेवर,
पांढरे धागे सुटलेत कोळ्याच्या जाळ्यासारखे.
कुठल्या कोळ्याच्या, ते मी ठरवत नाही.
लेन्स उकड्या तांदळाच्या डब्यात पुरतो
आणि गेलं वर्ष बाहेर काढून बसतो.

आश्विन: ट्रॉलरवर आलेली नेपाळी पोरं,
घरी पाठवायला फोटो.
बाबांनी रंगवलेला पडदा त्यांना फार आवडला,
डोंगर, बर्फ, तळ्यात एक हंस.
बाबा वेंगुर्ल्याबाहेर गेले ते सावंतवाडीपर्यंत.
त्यातला एक जण जवळ जाऊन म्हणाला,
बर्फ एवढा निळा नसतो.
मग तिथंच उभा राहिला, हसला, म्हणाला, घ्या.

माघात अवेळी सरी आल्या.
गुरुनाथ आरोलकराच्या करपलेल्या मोहराचे बारा फोटो, पंचनाम्याला.
तलाठी म्हणाला, यात मोहर दिसत नाही,
नुसतं झाड दिसतंय.
गुरुनाथ म्हणाला, तांच तर सांगतंय.

शिमग्याला लुगडं नेसून नाचलेला एसटीचा कंडक्टर,
नथीसकट.
दोन प्रती घेऊन गेला. घरी लावल्या नाहीत असं कळलं.

वैशाखात इनास फर्नांडिसच्या लेकीचं लग्न,
पांढऱ्या झग्यावर फणसाचा चीक.
अल्बमात तो डाग मी पुसला.
आता वाटतं, उगाच पुसला.

पण समुद्र कुठंय?
एवढ्या डब्यांत, एवढ्या वर्षांत
गावातल्या कुणी समुद्र मागितला नाही.
पर्यटक मागतात, हात पसरून, सूर्य चिमटीत धरून.
इथली माणसं पायांची वाळू पायरीवर झटकून येतात,
केस विंचरतात, आणि निळ्या बर्फापुढं ताठ बसतात.
अनपूर्णा कुबल तर बजावायची,
"दर्या नको हां फोटयेत. तेका आमी रोज बघतंव."
तेव्हा तिचा नवरा होता.

त्याचा एकच फोटो आहे,
खलाशाच्या ओळखपत्रासाठी काढलेला. कॉलरचं बटण तुटलेलं,
मी म्हटलं होतं, चालेल, एवढं दिसत नाही.
दिसतं.
दर श्रावणात ती नवी प्रत न्यायला येते,
भिंतीवरची खाऱ्या हवेनं वर्षभरात खाल्लेली असते.
यंदा निगेटिव्हच खाल्लेली निघाली,
डाव्या गालापासून कानापर्यंत.

पुतण्यानं ती संगणकावर चढवली, अर्ध्या तासात गाल भरून दिला,
कान दिला, बटणसुद्धा लावून दिलं.
अनपूर्णानं चष्मा नाकावर सरकवला.
बराच वेळ बघितलं.
"ह्यो कोण?"

मग तिनंच काउंटरवरची खराब प्रत उचलली,
पदराच्या टोकानं टिपली, जणू ओली होती.
म्हणाली, "डाग आसांदेत.
थयसूनच इलेत ते."

पैसे मी घेतले. ती ते घेतल्याशिवाय जात नाही.

आता दुकान बंद करायची वेळ झाली.
बंदरावर कुणीतरी यंदाच्या पहिल्या होडीवरचे झाप काढतंय,
सुक्या पानांचा आवाज इथवर येतो.
मी डबा उघडतो, हात घालतो,
तांदूळ कोमट आहेत,
लेन्स हाताला लागत नाही अजून.