खणायची परवानगी

खड्डा खणायचा तर अर्ज लागतो इथे.
गोलानच्या या उतारावर
जमिनीच्या पोटात काय काय आहे
ते पुरणाऱ्यांनाही आता आठवत नाही.

मी लिहिलं: लांबी दीड मीटर, खोली गुडघाभर,
कारण – नाताळ.
शिक्का मिळाला. शिक्क्यामागोमाग डम्बर राई आला,
नेपाळी हवालदार, सुरुंग हुडकणारा.
आजारी माणसाची छाती तपासावी
तसा त्याने तो तुकडा इंच इंच ऐकला.
एकदाच हात वर केला.
आम्ही होतो तिथे थिजलो.
अर्धा तास ब्रशने माती सारून
त्याने वर काढलं एक झाकण,
कुणाच्या तरी चहाच्या किटलीचं.
फेकलं नाही. पुसून भिंतीवर ठेवलं,
मालकीण मागायला येईल जणू.

मग फावडं माझं.
तावेउनीला बाराव्या वर्षी हे काम बापानं माझ्याकडे दिलं.
म्हणाला, ओढ्यातला गुळगुळीत दगड घेऊ नकोस,
तापला की फुटतो, डोळे जातात.
काळा घे, अंगावर बारीक भोकं असलेला,
एकदा आगीतून जाऊन आलेला.
इथे सगळे तसलेच.
चार महिने ज्यांना नुसता आडोसा समजत होतो
ते उचलले,
तर हाताला ओळखीचे निघाले.

केळीची पानं कुठली? खालच्या गावातल्या उम्म नादिरने
कोबीची जून पानं दिली, पैसे घेईना.
अळूच्या कांद्यांऐवजी बटाटे.
डुकराऐवजी कोंबड्या, त्याही हडकुळ्या.
वर झाकायला वाळूची रिकामी पोती,
तीनदा धुतली तरी दातांत कचकच राहिलीच.

प्रार्थनेला आम्ही अकरा.
खालचा सूर लावणारा आपिसाई चौकीवर,
त्यामुळे गाणं पायाशिवाय उभं.
तिसऱ्या कडव्याला वायरलेस खरखरला
आणि तो तिथूनच आत शिरला.
कॅप्टनसाहेबांना त्याच वेळी
बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

वाफ धरेपर्यंत फोन लावला.
आमचं बेट घड्याळात नऊ तास पुढे;
तिकडचा नाताळ भांडी घासून पालथी घालून झालेला.
लोसालिनी कुजबुजत बोलत होती, पोरगी झोपलेली.
म्हणाली, तुझ्या मेहुण्यानं खड्डा उथळ खणला,
मांस कच्चं, शेवटी पातेल्यात उकडलं.
आम्ही पोट धरून हसलो, म्हणाली.

आमच्या भाषेत 'आम्ही' दोन आहेत.
एकात ऐकणारा धरलेला असतो,
एकात नसतो.
तिने दुसरा वापरला.
चूक काहीच नाही. मी नव्हतोच तिथे.
व्याकरण बरोबर होतं,
तेच जरा लागलं.

जेवण मात्र जमलं.
डम्बर राईने कोंबडीत त्याच्याकडची मिरची चोळून खाल्ली
आणि डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या नावावर टाकलं.
त्यालाही मुलगा आहे, दोन वर्षांचा,
अजून फोनलाच बाबा म्हणतो.

रात्री पहाऱ्याला जाताना खड्ड्यातला एक दगड
मोज्यात घालून कोटाच्या खिशात ठेवला.
हर्मोनवर बर्फ. समोर तार, तारेपलीकडे
एक दिवा – कुणाचा, ते आपण विचारायचं नसतं,
फक्त किती वाजता विझला ते लिहायचं.
पहाटे दोनपर्यंत दगडात धग होती.
मग फोन थरथरला. पोरगी उठली असणार:
बाबा, मामाला येत नाही.
आपण परत खणूया ना?

तिने पहिला वापरला होता. सहाच वर्षांची आहे,
चुकून वापरला असेल.

सकाळी वहीत नोंद केली:
खड्डा बुजवला. जमीन पूर्ववत.
दगड – एक कमी.