कांदेबाग

सावद्याच्या स्टँडसमोर, ठिबकच्या दुकानावर
माझा क्लास आहे.
चौदा खुर्च्या, नऊ चालू कीबोर्ड,
त्यातल्या एकावर 'ळ' उमटत नाही,
त्यावर केळीची केली होते.

मागच्या जूनला सत्तावीस पोरं होती.
यंदा अकरा.
पुरुषोत्तम फेगडे फी घेऊन आले,
पण पाकीट हातातच ठेवलं.
'शिकीसन काय करीन ही आता, सर?
तो मोबाइलच देते लिहीसन सारं.'

मी पंख्याकडे पाहिलं.
उत्तर नसलं की मी पंख्याकडे पाहतो,
हे अकराच्या अकरा पोरांना माहीत आहे.

वडील भुसावळला रेल्वेत तारबाबू होते.
जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने
आईला निरोप धाडायचे: कड, कडकट्ट, कड.
आईला एवढंच कळायचं, मीठ कमी आहे.
मला त्यांनी सगळी लिपी शिकवली
आणि मी दहावीत असताना ते यंत्र कपाटात गेलं.
फुकट गेली का ती लिपी?
खरं सांगायचं तर, हो.
एकही निरोप मी कुणाला पाठवला नाही.
फक्त अजून, कुठल्याही खडखडाटात
एखादा ठोका गळला
तर मान आपोआप वळते.

पाकीट शेवटी हिमानीनेच बापाच्या हातातून घेतलं
आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्याच आठवड्यात ती घरचा हिशेब मांडायला बसली:
किती खोडं, कुठली लागवड, कापणी कधी,
कुठल्या गाडीला किती वजन, किती दांडा वजा.
यंत्राला म्हणाली, लिही.
त्याने लिहिलं. चहा गार व्हायच्या आत
दोनशे ओळी, स्वच्छ, समास सोडून.
मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
मला त्याला आठ दिवस लागले असते
आणि वर दोन चुका.

नसीर तडवीने त्याच दुपारी एक खेळ करून घेतला,
एक ओळही न वाचता.
'चाललं ना, सर?' म्हणाला आणि सायकल काढून गेला.
चाललं होतं.
हे मला अजून छळतं.

हिमानी वाचत राहिली,
पडद्यावर बोट ठेवून, खाली, आणखी खाली.
मृगबाग ठीक होती.
कांदेबागेला मात्र यंत्राने
एकशेदहा दिवसांत काढणी दिली होती
आणि माल भरायला गोण्या सुचवल्या होत्या.
बावन्नाव्या ओळीवर ती हसायला लागली.
'सर, ह्याला वाटतं आपण कांदे लावलेत!'
अख्खा क्लास हसला,
खालचा दुकानदार जिना चढून आला, काय झालं बघायला.
यंत्राने अदबीने माफी मागितली
आणि दुरुस्त करून दिलं,
तेही चहा गार व्हायच्या आत.

म्हणजे फेगडेंना द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.
ते म्हणतील, सांगितलं की कळतंच ना त्याला.
कळतं. उद्या न सांगता कळेल.
परवा पानावरचा करपाही माझ्याआधी दिसेल त्याला.
पण गोण्या मागवून झाल्यावर
बावन्नावी ओळ कोण शोधणार होतं,
हे मी त्यांना विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर हिमानी थांबली.
यंत्र बंद करून तिने कोरी वही उघडली,
ऑक्टोबरच्या लागवडीपासून दिवस
स्वतःच मोजायचे म्हणाली.
मूठ मिटली,
उंचवटा एकतीस, खळगा कमी,
महिन्यामागून महिना बोट पुढे.
जुलै उंचवट्यावर. मूठ संपली, पुन्हा पहिल्यापासून,
ऑगस्टही उंचवट्यावर.
तिथे बोट अडकलं.
'लागोपाठ दोन एकतीस? असं का, सर?'

मी पंख्याकडे पाहिलं.
लाइट गेलेली, पंखा केव्हाच थांबला होता.
ती अजून मुठीकडे बघत होती.