राखेचा बुधवार, इताउग्वा

पाचव्या दिवशी ताप उतरला
आणि तोंड आलं.
जिभेच्या कडेला तीन, खालच्या ओठाआड एक,
मसुराएवढे पांढरे, भोवती लाल काठ.
आरशापुढे ओठ उलटा धरून मोजले मी,
टाके मोजते तसे.

पुरळ आधीच उठला होता.
दंडावर, पोटावर, मानेखाली,
आमच्या रस्त्यावरची तांबडी माती
वाऱ्यानं उडून अंगावर बसावी तसा.
बोटानं दाबलं की पांढरा ठसा,
सोडलं की पुन्हा माती.
लिबोरियो म्हणाला, तुझ्या न्यांदुतीसारखंच दिसतंय.
चाळीस वर्षं चौकटीवर कापड ताणून
मी कोळ्याच्या जाळ्यांची फुलं विणते.
ही नक्षी माझी नव्हती.
हिला मध्य नव्हता.

दुपारी अंगणात तेरेरे फिरलं.
एकच शिंग, एकच धातूची नळी, सहा तोंडं,
बर्फाचं पाणी, ठेचलेला पुदिना.
माझी पाळी आली तशी मी म्हटलं, ग्रासियास.
आमच्यात याचा अर्थ 'पुरे'.
पहिल्या घोटाआधीच पुरे म्हणणारी बाई
देओलिंदानं कधी पाहिली नव्हती.
"तोंड आलंय?"
तोंड न उघडता मी हो म्हटलं.
मग तिनंच चिपाचं कडं दुधात भिजवून दिलं,
खारट चीज बोटानं उकरून काढून.

तोंड बरं झालं. पुरळ कोंडा होऊन गळाला.
बोटं अजून सुई धरत नाहीत, ते वेगळं.
आणि तिसऱ्या आठवड्यात नाक:
शेंड्यावर आधी तपकिरी, मग काळपट.
लिंबू चोळलं. साबण बदलला.
जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाही मी,
आणि हा डास तर नाकाला शिवलाही नसेल.
चावला असेल घोट्याला,
शेजारच्या जुन्या टायरात जन्मलेला कुणीतरी.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये रांग होती.
पाद्री अंगठा राखेत बुडवून
एकेका कपाळावर क्रूस काढत होता.
माझ्यापुढे आला आणि थबकला,
जणू त्याच्याआधीच कुणी येऊन गेलं होतं
आणि त्या कुणाचा अंगठा घसरला होता.
मी मागे वळून पाहिलं.
खाटीक. शाळेची बाई. पेट्रोल पंपावरचा तो उद्धट पोरगा.
अर्ध्या रांगेचं नाक काळं.
कुणी कुणाकडे पाहून नाक मुरडत नव्हतं,
आणि हे आमच्या गावात!

शेवटच्या बाकावर पुतणी बसली होती,
मिर्ता, अकरा दिवसांचं बाळ घेऊन.
बाळंतपणातच ताप होता तिला.
मी दुपट्याची कड बाजूला केली.
एवढंसं नाक, आणि शेंडा तपकिरी.
त्याला राख लावायची नसते अजून.
मिर्ता माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली,
मी काय म्हणते म्हणून.
तेवढ्यात बाळानं जांभई दिली,
आणि मी सवयीनं वाकून
आत मोजायला लागले:
हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा.
एकही नाही, मिर्ता.
एकही नाही.