कपाचा कान

टेबलक्लॉथ काल रात्री पेजेच्या खळीत भिजवला,
अर्धवट ओला असतानाच इस्त्री फिरवली,
तेव्हा कुठे घडी धरली त्यानं, करकरीत.
हे कुणी शिकवलं नाही.
ठाणे-बेलापूर रोडवर रंगाचा कारखाना,
त्याचं गेस्ट हाउस, मागची पँट्री,
बावीस वर्षं.
हात आपोआप शिकतात.

कारखाना बंद झाला तेव्हा सगळं विकायला काढलं:
पंखे, तिजोरी, टेनिसची जाळी.
हा टी-सेट कुणालाच नको होता.
पांढरा, काठाला निळी वेल,
बशा बारा, कप अकरा.
थकलेल्या पगारात वळता करून घेतला
आणि रिक्षात मांडीवर धरून कोपरखैरण्याला आणला,
बाळंतीण माहेराहून येते तशी.

मग नऊ वर्षं कपाटात.

आज चार वाजता बोलावलंय.
फोन नाही केला. भाच्याच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या,
पाकिटात घालून: चहाला यावे. मंजुळा भोईर.
फिलोमिनाचा उलट निरोप आला,
"कोण वारलं?"

काकडी सोलली, बिया काढल्या,
मीठ लावून फडक्यात पिळली,
पावाच्या कडा कापल्या.
ह्याच कडांवर आमचं चार वाजताचं भागायचं,
पँट्रीत, उभ्या उभ्या, उरलंसुरलं लोणी फासून.
आतला पांढरा भाग कसा लागतो
ते आज चाखून बघितलं.
कापूस. खरं सांगायचं तर बेचव.

साखरूबाई आली, नातीच्या साखरपुड्याचं लुगडं नेसून.
दवाखान्यातल्या ओमना सिस्टर, छत्री घेऊन.
फिलोमिना शेवटी, केसांना क्लिप लावून, मॅचिंग.
सगळ्या खुर्चीच्या टोकावर बसल्या,
हॉलमध्ये पंखा तेवढा बोलत होता.
साखरूनं कप वळवून वळवून पाहिला,
"आगो, येवऱ्याशा कपान काय पियाचा?"
तेव्हा कुठे हसल्या.

उजवीकडून ओतायचं. दूध नंतर. साखर विचारून.
माझा हात हलला नाही जराही.

बाराव्या बशीत मी कान ठेवला होता,
नुसता कान, निळ्या वेलीचं एक पान त्यावर.
ओमना सिस्टरांनी चिमटीत धरला, डॉक्टरला दाखवावा तसा.
"हे काय?"

बारावा कप तो.
फुटला बाईंच्या हातून, कापला माझ्या पगारातून.
सव्वीस रुपये, जून महिना.
तुकडे भरताना कान तेवढा पदराला बांधला.
पैसे भरले होते ना,
म्हणजे त्या सेटमधला रीतसर माझा तो एकटाच.

भिंतीला कान असतात म्हणतात.
कपालाही असतो एक.

त्या दिवशी बाई हसत हसत सांगत होत्या,
दिवाळीनंतर पॅकिंग लाइन बंद,
एकशे चाळीस बायका,
आणि हसताना कप सुटला.
मी खाली वाकून तुकडे वेचत होते.
जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.
रोज जेवणाच्या सुट्टीत तुमच्याच शेजारी बसत होते मी.
फिलोमिनानं त्याच गणपतीत हप्त्यावर फ्रिज घेतला,
मला पेढा दिला,
मी खाल्ला.

हे एवढं बोलायचं होतं,
म्हणून काकडी, म्हणून खळ, म्हणून चिठ्ठ्या.

कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
ओमना सिस्टरांनी कान परत बशीत ठेवला, आवाज न करता.
साखरूनं चहा बशीत ओतला,
फुंकर मारली, एका दमात संपवला,
तोंड पुसलं त्या साखरपुड्याच्या पदरानं.
"पावाच्या करा कुठं ठेवल्यास गो?"

कडा.
मी आत गेले, स्टीलच्या ताटलीत घेऊन आले,
लोणी लावून.
तिनं दोन उचलल्या, एक सिस्टरांना दिली.

फिलोमिनाच्या कपावर साय धरत चाललीय.
ती खिडकीबाहेर बघतेय, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे.
मी उभीच आहे किटली धरून,
तिच्या उजवीकडे.