देखभालीसाठी बंद

एप्रिलात कोण बघतं कृष्णेची पातळी?
म्हणून हीच रात्र धरली.
अकराला पान उतरवलं, जागी पाटी लावली:
देखभालीसाठी बंद. पहाटे चारला चालू.
खाली, सवयीनं, तसदीबद्दल क्षमस्व.

सव्वाबाराला फोन.
‘सूर्यवंशी प्लॉटमधनं आवटी बोलतोय.
आकडा दिसंना झालाय.’
म्हटलं, काका, दुरुस्ती चाललीय,
पाणी तळाला आहे, झोपा.
‘ते ठावं हाय ओ.
पण त्या सालापासनं
आकडा ऐकल्याबिगर मंडळी
लाईट घालवू देत न्हाईत.’

सर्व्हर चाळीस टक्क्यांवर अडकलेला.
स्कूटी काढली.
आयर्विनवरून मोबाईलचा उजेड खाली सोडला
खांबावर रंगवलेल्या फुटांवर.
केवढे कोरडे आकडे ओलांडून
उजेड पाण्याला टेकला!
वर, माझ्या डोक्याच्या उंचीला,
वाळक्या गाळाची एक रेघ
अजून कुणी पुसलेली नाही.

‘आठ फूट, काका.’
‘आठ गं!’ ते तिकडं ओरडले,
आणि बटणाचा खट् आवाज
माझ्या कानात.

चारला पान चढवलं.
आठ फूट एक इंच.

इंच मी सांगितला नव्हता.